शोभा, हात काढ!

हे कुणाला सांगायचं नाही, अशी सरांनी आम्हा दोघींकडून शपथ घेतली आहे. पण पूर्णेच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर एकच, आणि त्या खोलीत रोज काहीतरी होतंच. मी मागे गप्प बसते, त्यामुळे सगळं माझ्यापाशीच साठत जातं.

*

पहिल्या दिवशी सर म्हणाले, "बटण दाबलं म्हणून मशीन काही करत नसते. कोणतं बटण दाबल्यावर काय करायचं, हे तिला आधी लिहून द्यावं लागतं."

माझी मैत्रीण शोभा उठली. "सर, मग आमच्या घरच्या बल्बच्या बटणाला कुणी लिवून दिलं?"

तो तास शोभाने खोलीबाहेर, चपलांपाशी काढला.

*

लिहून द्यायचं काम माझ्याकडे आलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. मी एक गेम केला. ज्वारीचं शेत, वरून पाखरं येतात, आणि खालचं आडवं, सगळ्यात लांब बटण दाबलं की गोफणीतून दगड सुटतो.

आमची मशीन सावकाश. एकेक कणीस काढत शेत उभं करायला तिला मिनिटभर लागतं. शोभाला तेवढा दम कुठला! तिने तेवढ्यात लांब बटण वीसेक वेळा दाबलं. मशीन ढिम्म. शोभा रुसून जागेवर जाऊन बसली.

शेत पूर्ण झालं, आणि समोर कुणी नसताना दगड सुटायला लागले. एकामागून एक, सगळे! दाबलेलं मशीन लक्षात ठेवते आणि सवड मिळाली की करते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"माझी मायबी अशीच हाय," शोभा म्हणाली.

*

आमचे शिपाई गफूरमामा यांची ताडकळसला शेती आहे. सरांनी त्यांना कौतुकाने खेळायला बसवलं. पाखरू दिसताच मामा खुर्चीतून उठून ओरडले, "हाऽऽ हुर्रर्र!" शेजारच्या वर्गातले पाढे थांबले.

"मामा, नुसतं बटण दाबा."

"वरडल्याबिगर पाखरू उठत न्हाई, सर."

तेवढ्यात पाखरू पडद्याच्या कडेला पोचून दिसेनासं झालं. मामांनी सरांकडे पाहिलं.

*

शोभा मुद्दाम भलतीच बटणं दाबायची. म्हणून मी लिहून ठेवलं, की लांब बटण सोडून दुसरं कोणतंही दाबलं तर खाली इंग्रजी अक्षरांत ओळ यावी: 'शोभा, हात काढ!'

मग बातमी आली. परभणीहून साहेब येणार, आणि मशीन नुसती धूळ खात पडलेली दिसली तर ती दुसऱ्या शाळेला जाणार.

"तुझा गेम दाखवू," सर म्हणाले.

सर नेहमी लांब बटणच दाबत, त्यामुळे ती ओळ त्यांनी पाहिलीच नव्हती. सांगायला मी तीनदा त्यांच्या खोलीत गेले. पहिल्यांदा खडू मागून आले. दुसऱ्यांदाही खडूच मागितला. तिसऱ्यांदा सरांनी स्वतःहून खडू दिला.

*

साहेब बूट काढून मशीनसमोर बसले. शेत उभं राहात होतं. तेवढ्यात साहेबांनी हाताला येईल ते बटण दहा-बारा वेळा दाबलं.

शेत झालं. खाली ओळ आली: 'शोभा, हात काढ!'

साहेबांनी हात काढला.

'शोभा, हात काढ!'

साहेबांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. ओळ आली. हात पाठीमागे घेतले. ओळ आली. खुर्ची मागे सरकवली. ओळ आली! सर भिंतीवरच्या नकाशात काहीतरी शोधत होते.

"शोभा कोण?" साहेबांनी विचारलं.

चप्पल बाहेर असूनही शोभा बाकाखाली चप्पल शोधायला वाकली.

दारातून गफूरमामा म्हणाले, "मशीनचं नाव हाय, साहेब. लय कडक हाय."

साहेबांनी मान डोलावली. भेटीच्या वहीत लिहिलं, 'शोभा उत्तम चालू आहे. तिला येथून हलवू नये.'

काल त्यांचं पत्र आलं. आणखी दोन साहेबांना घेऊन ते येणार आहेत, शोभाला दाखवायला. सर म्हणतात, ती ओळ काढायची नाही, उलट या वेळी मी त्यात आणखी एक ओळ—

"ए, चल की गं! सर बोलवायलेत!"

शोभा दारात उभी आहे. खरी.