कौसावर चुन्याचे दोन हात

बायको, कौसा, गेल्यावर आठव्या महिन्यात मी तिच्यावर चुन्याचे दोन हात दिले. नीळ घालून.

नीट सांगतो, नाहीतर लोक म्हणतील म्हाताऱ्याला चळ लागला. मी रंगारी माणूस. चौथीत शाळा सुटली अन् हातात कुंचा आला. फुलंब्रीपासून या शहरापर्यंत किती घरं पांढरी केली त्याची मोजदाद नाय. भिंतीवर डाग दिसला की माझा हात शिवशिवतो. दुखणंच आहे ते, त्याला औषध नाय.

आता नातीचं ऐका. सई, दुसरीत. आजी गेल्यापासून ही पोर शाळेत बोलायचीच बंद झाली. बाईंनी काही विचारलं तर खाली बघायची. शेवटी बाईंनी सूनबाईला बोलावून घेतलं अन् सांगितलं, "घरात तिला एक भिंत द्या. मनात येईल ते काढू द्या. चूक म्हणायचं नाही, पुसायचं नाही."

मी म्हणालो, "आमच्या वेळी भिंतीवर रेघ मारली की पाठीवर वळ उठायचा. त्याला कुणी शिक्षण म्हणत नव्हतं."

"मामा, तुम्ही चहा घ्या," सूनबाई म्हणाली. (आमच्याकडं सून सासऱ्याला मामाच म्हणते. चहा घ्या म्हणजे गप बसा, हे मात्र आमच्याच घरातलं.)

मागच्या खोलीची भिंत पोरीला दिली. तिथं अजून चुनाच आहे, कारण तो मी मारलेला आहे. पोर रोज शाळेतून आली की मेणाचे खडू घेऊन तिथं उभी. मी एकदा डोकावलो. खाली हिरवा भोपळा, वर काळा गोळा, भोपळ्याला दोन काड्या. मला वाटलं शाळेत भाज्या चालू असतील.

मग त्या दिवशी सकाळी सूनबाई पोरीला शाळेत सोडायला निघताना म्हणाली, "मामा, आज चारला बाई येणारेत घरी, भिंत बघायला."

भिंत बघायला पाहुणा येतोय म्हटल्यावर रंगाऱ्यानं काय करायचं? पुसायचं नाही हे बाईंचं सांगणं मी ऐकलं नव्हतं असं नाय. ऐकलं होतं. पण कौसा गेल्यापासून माझ्या कानात बोलणं शिरतं, थांबत नाय.

काम मात्र चोख केलं. मेणावर चुना धरत नाय, म्हणून आधी लोखंडी पत्रीनं सगळं खरवडलं. कण ठेवला नाय. मग पहिला हात आडवा, दुसरा उभा. आठ महिन्यांत पहिल्यांदा बरं वाटलं. लवकर वाळावं म्हणून पंखा लावून बसलो, सूनबाई काय म्हणते ते ऐकायला.

एक वाजता दोघी आल्या. सूनबाई दारातच थांबली.

"मामा, आत्या कुठंय?"

आत्या म्हणजे तिची सासू, म्हणजे कौसा. मी म्हणालो, "अगं असं काय विचारतेस?"

"भिंतीवर आत्या होत्या. सईनं काढल्या होत्या."

"तो भोपळा?"

"मामा, ते हिरवं लुगडं होतं."

"चुन्याखाली असंल की मग."

"असंल?"

"नाय," मी म्हणालो. "आधी खरवडलंय."

सई रडली असती तर बरं झालं असतं. दप्तर तसंच पाठीवर ठेवून ती भिंतीकडं तोंड करून बसली. आठ महिन्यांत त्या पोरीनं आपणहून एकच गोष्ट केली होती, अन् ती मी पत्रीनं खरवडली होती.

सूनबाई म्हणाली, "बाईंना काय दाखवू आता? पांढरा रंग?"

मग मी शहाणपण केलं. म्हणालो, मीच काढतो. चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला काढायला काय लागतं? खडू घेतला. ओल्या चुन्यावर मेण घसरायला लागलं. मी जोर लावला, पोपडा निघाला. पोपड्याच्या जागी नाक काढलं, त्यात नथ घातली, हनुवटीवर तीळ दिला. लुगडं बरं झालं, ते सरळ रेघेचं काम. तोंड मात्र म्हशीसारखं दिसायला लागलं. ते झाकायला पदर मोठा केला, तर ती पोतं पांघरून बसल्यासारखी दिसायला लागली.

बरोबर चारला बाई आल्या. तरणीताठी पोरगी, डोळ्यांत हौस. भिंतीपुढं उभी राहिली अन् म्हणाली, "अरे वा, किती मोकळा हात आहे. मुलांनाच हे जमतं."

मी कौतुक घेतलं असतं. खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात सई उठली. "हे माझं नाय, बाई. आबानं काढलंय." बाई काही बोलायच्या आत तिनं खडू उचलला. "आजी अशी नव्हतीच. तीळ हनुवटीवर नव्हता, इथं होता, भुवईच्या वर. नथ नव्हती घालत, चमकी होती. एक कान फाटका होता, म्हणून ती पदर असा घ्यायची. आबाला काहीच माहीत नाय." बोलत होती अन् माझ्या म्हशीवर रेघा ओढत होती. बाई खाली मांडी घालून बसल्या. सूनबाई स्वयंपाकघरात गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मी तिथंच उभा. चाळीस वर्षं. तीळ भुवईच्या वर होता हे मला सात वर्षांच्या पोरीकडून कळलं. अन् फाटका कान? तो तर मला ठाऊकच नव्हता.

"सई," बाई म्हणाल्या, "आबांनी पण प्रयत्न केला ना?"

"केला," सई म्हणाली. "दहापैकी दोन."

"चित्राला मार्क नसतात गं बाळा."

"मग शून्य?"

"दोन राहू दे," मी घाईनं म्हणालो.

आता आठवड्यातून एकदा सई मला भिंतीपुढं बसवते. पाठांतर असतं: तीळ कुठं, चमकी कुठल्या नाकपुडीत, हसताना कुठला दात दिसायचा. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परवा मी म्हणालो, "सईबाई, दोनाचे तीन तरी कर आता."

पोर भिंतीकडं बघून म्हणाली, "आजीला विचारते."

मी म्हणालो, राहू दे. ती आहेत ते दोन पण काढून घेईल.