करंजाच्या मावशीचा अर्धा तास

उरण-पनवेल पट्ट्यात मी बरेच कायदेपंडित पाहिले. काळ्या कोटातले पाहिले, युनियनच्या बिल्ल्यातले पाहिले, चहाच्या टपरीवर कोर्ट भरवणारे तर रोजच पाहिले. पण या सगळ्यांना पुरून उरेल अशी एकच व्यक्ती माझ्या ओळखीची आहे, आणि तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं. पनवेलबाहेरच्या एका कोळंबीच्या कारखान्यात ती सोलाईवर होती. मोबाइलला अजून बटणं होती त्या काळातली ही गोष्ट. कंत्राटदाराने पुरवलेल्या बाया कंपनीच्या बसने उरणकडून यायच्या आणि मी त्यांच्यावरचा नवाकोरा सुपरवायझर होतो; बी.एस्सी., प्रोबेशनवर, मिशी कशीबशी जमू लागलेली. गाव करंजा, म्हणून सगळे तिला करंजाची मावशी म्हणत. पहिल्याच आठवड्यात तिने मला गेटापाशी गाठलं. तिथे कामगार कायद्याचा फलक होता, नियमाप्रमाणे लावलेला आणि कुणीच न वाचण्याच्या बोलीवर टांगलेला. "शिकलेला दिसतंस. वाच," ती म्हणाली. मग रोज संध्याकाळी बस सुटेपर्यंत पाच मिनिटं मी वाचायचो आणि ती कमरेवर हात ठेवून ऐकायची. थुंकदाण्या झाल्या, भिंतींची सफेदी झाली, पिण्याचं पाणी झालं. चौथ्या दिवशी सलग पाच तासांवर काम नाही, त्याआधी निदान अर्धा तास विश्रांती, हे कलम आलं आणि तिने माझं मनगटच धरलं. "यो पुन्ना वाच." मी तीनदा वाचलं. पाचव्या दिवसापासून ती फलकाकडे फिरकली नाही.

झालं, तेव्हापासून माझी दुपार नासली. काम आठला सुरू व्हायचं, म्हणजे पाच तास एकला भरत. हॉलमध्ये घड्याळ नव्हतं. माल परदेशी जायचा म्हणून बायांना बांगडी, अंगठी, घड्याळ काही घालून आत यायची बंदी होती. घड्याळ एकट्या माझ्या हातावर आणि जेवणाच्या घंटेचं बटण माझ्या खांद्यामागे. पण मावशी टोपल्यांवर वेळ मोजायची. तिचा हात यंत्रासारखा एका गतीने चाले. तिसावी टोपली भरली की एक वाजला. मी बोलण्यात रमलो आणि दोन मिनिटं इकडेतिकडे झाली, की स्टीलच्या टेबलावर सुरी ठेवल्याचा टण् असा आवाज यायचा. साडेबारापासून मी मॅनेजरच्या काचेच्या केबिनकडे एक डोळा आणि तिच्या टोपल्यांकडे एक डोळा ठेवून उभा असे. त्या वर्षात मी तिरळा कसा झालो नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

बरं, अर्धा तास म्हणजे तिला अख्खा अर्धा तास लागे. हात धुणं, जेवणं, आणि शेवटची सात मिनिटं भिंतीला पाय लावून जमिनीवर आडवं होणं. डब्यात मासळी असायचीच. कोळंबीच्या कारखान्यात मासळी घेऊन शिरणाऱ्या बाईचं काय करावं हे गेटवरच्या वॉचमनला कधीच उमगलं नाही. जाताना ती चोरून नेतेय असं म्हणावं, तर येतानाच ती डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरायची, "बग, बांगडा हाय. तुमच्या कंपनीत बांगडा हाय का?" एकदा परदेशी गिऱ्हाईकाचा माणूस कारखाना बघायला आला आणि मॅनेजरने त्याला थेट तिच्यासमोर आणून उभं केलं. मावशीने डावा हात वर केला. "जेवतंय." साहेब, मॅनेजर आणि मी, तिघं गपचूप उभे. मॅनेजरचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. जेवण उरकल्यावर तिने साहेबाच्या हातावर सुक्या बोंबलाचा तुकडा ठेवला आणि साहेबाने तो खाल्ला. त्यानंतर मॅनेजरने तिचं नाव मनात लिहून ठेवलं असावं.

हे सगळं तिच्या हट्टापायी आहे, असं मी समजत होतो. मग एकदा ती मला बर्फाच्या मशीनमागे सापडली. त्या थंडीत घामाने भिजलेली, तोंडात गुळाचा खडा. तिला साखरेचा आजार होता. सकाळी गोळी घेतली की एकला पोटात अन्न पडायलाच हवं, नाहीतर हात थरथरू लागत, डोळ्यांपुढे अंधारी येई. "कंत्राटदाराला सांगू नको हां," ती म्हणाली. "आजारी म्हनून नाव कापल." मी शब्द दिला.

आणि मग तो शुक्रवार आला. कंटेनर संध्याकाळच्या आत न्हावा शेवा बंदराच्या गेटात जायला हवा होता, माल बराच राहिला होता. मॅनेजर स्वतः हॉलमध्ये येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. "आज लंच-बिंच नाही. माल संपला की जेवा. जिला बसायचंय, तिने उद्यापासून घरीच बसावं." मग हळूच मला, "घंटेला हात लावायचा नाही. तुझी कन्फर्मेशनची फाइल माझ्या टेबलावर आहे." चाळीस बाया खाली मान घालून सोलत होत्या. एक वाजला. एक वाजून दहा झाले. टण्.

मावशीने सुरी ठेवली होती. ती मॅनेजरकडे बघतही नव्हती. "पोरा, किती वाजलं रं?"

तिच्या पुढ्यात एकतीस टोपल्या होत्या, भरलेल्या. मॅनेजर माझ्या मनगटाकडे बघत होता. मी म्हणालो, "साडेबारा, मावशी."

तिने एकदा टोपल्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बरा," म्हणाली आणि सुरी उचलली.

त्यानंतरची मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. तिची गती प्रथमच मोडली होती. एक कोळंबी हातातून सुटली, मग दुसरी. टोपीखालून घामाचा ओघळ आला. तिच्या बोटांत धारदार सुरी होती आणि ती बोटं थरथरत होती. एक पंचवीसला मी मागे हात नेला आणि बटण दाबलं, ते मॅनेजरने माझा हात ओढेपर्यंत दाबूनच ठेवलं. बाया एका क्षणात उठल्या. मॅनेजर काय ओरडत होता ते घंटेपुढे कुणालाच ऐकू गेलं नाही.

मावशी भिंतीला टेकून भराभर जेवली. चार घास गेल्यावर तिच्या चेहऱ्यावर रंग आला. मी समोर उभा होतो. ती म्हणाली, "आज लवकर वाजवलीस रं. पावनेएकलाच."

माझ्या साडेबाराला धरून तिचा हिशेब बरोबर होता.

कंटेनर वेळेत गेला आणि रात्रभर बंदराबाहेर ट्रेलरच्या रांगेत उभा राहिला. मला दमदाटीचं एक पत्र मिळालं, वर महिन्याभराने कायम झाल्याचंही. शिकलेला सुपरवायझर त्यांना परत कुठे शोधायचा होता! मावशीला मात्र सोमवारी बसमध्ये चढूच दिलं नाही. बायांना चिथावलं, असं कंत्राटदार म्हणाला. मी मॅनेजरपुढे दोनदा जाऊन सांगितलं की घंटा मी वाजवली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "जा, काम कर."

एका रविवारी मी करंजाला गेलो. ती बंदराजवळ बोंबील वाळत घालत होती. मी आल्याआल्या बोलून टाकलं, "मावशी, मी त्या दिवशी खोटं बोललो."

"म्हाईत हाय. टोपल्या काय खोटं बोलतान?"

"मग परत सोलायला का लागलात?"

तिने पुढचा बोंबील दोरीवर अडकवला. "तुजा पोट पन त्याच्याच हातान व्हता."

मग तिने मला घरात नेऊन पाटावर बसवलं, भाकरी आणि कालवण वाढलं, आणि मी पुरेसा खात नाही म्हणून माझ्या आईच्या नावाने बोटं मोडली. नोकरी कायम झाल्याचं पत्र माझ्या खिशात होतं. तिला आनंद होईल म्हणून दाखवायला नेलं होतं. तिने विचारलंही, "कामाचा काय जाला तुजा?" चाललंय, म्हणालो, आणि ते पत्र तसंच परत घेऊन आलो.