आजोची बिनबंदुकीची शिकार

आमच्या आजोने आम्हा नातवंडांना शिकारीला नेलं, तेव्हा त्याची बंदूक पेडण्याच्या पोलीस ठाण्यात जमा होती. निवडणुका आल्या की परवान्याच्या सगळ्याच बंदुका ठाण्यात नेऊन द्याव्या लागत. तशी ती ठासणीची बंदूक शेताच्या राखणीपुरती होती, आणि शिकारीवर सरकारने केव्हाचीच बंदी घातली होती. पण आजोने आम्हाला शब्द दिला होता. "बंदूक पोलिसांगेर सुशेगाद निजल्या. निजूं दी तिका. आमी वचूंया," तो म्हणाला.

आजो उंच, वाळका आणि चालताना अजिबात आवाज न करणारा. घरातसुद्धा तो कधी मागे येऊन उभा राही, कळत नसे. आई दचकून हातातलं भांडं टाकी आणि आजो नवं काही शिकल्यासारखा खूश होई. पोर्तुगीज अमदानीत धारगळच्या डोंगरातली पारध त्याच्याशिवाय निघत नसे म्हणे. आमच्या वेळेपर्यंत पारध बंद पडली होती आणि आजोची पावलं तेवढी उरली होती. त्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला तो फार आवडायचा, आणि हे त्याला कधी सांगायचं राहूनच गेलं.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच्या आगेमागे आमच्या घरात राजभाषेवरून भांडण झालं. माझे बाबा मराठी शाळेत मास्तर, ते मराठीच्या बाजूचे. काका वास्कोला बंदरात कारकून, तो कोकणीच्या. ऐन चवथीला गणपतीसमोर दोघे भाऊ भिडले. गंमत अशी की बाबा मराठीची बाजू तावातावाने कोकणीतून मांडत होते आणि काका कोकणीच्या बाजूने मराठी वर्तमानपत्रातलं वाचून दाखवत होता. हसायला मात्र कुणाला सुचलं नाही. काका बायकोला आणि मुलीला, सुलूला, घेऊन जेवायच्या आधीच निघून गेला. पुढच्या वर्षी त्याने वास्कोत वेगळा गणपती आणला. दोन वर्षं तो घरी आला नाही. रोज शेवटच्या बसची वेळ झाली की आजो बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, येऊन बसायचा. हमरस्त्यावर बस थांबून पुढे गेली, की आत येऊन म्हणायचा, "जेवण वाडा."

त्यानेच काकाला कार्ड टाकलं. तू येऊ नकोस, पण सुलूला धाड, पोरांना शिकारीला नेतो. वास्कोला कामाला असलेल्या एका शेजाऱ्याबरोबर शनिवारी सुलू आली. ती माझ्याहून वर्षाने मोठी, म्हणजे दहा वर्षांची. आजोने आधी तिचा वास घेतला. "पावडर? भेकरां वास्को मेरेन धांवतलीं." त्या दिवशी आम्हाला साबण बंद, खोबरेल बंद. दुपारभर अंगणात फणसाची वाळकी पानं पसरून त्यांवरून आवाज न करता चालायचा सराव झाला. माझा धाकटा भाऊ दिगू तोंड उघडायला लागला की आजो ओठांवर बोट ठेवी. "रानांत भास एकूच. वगी रावप." गप्प राहायची ही भाषा घरातल्या मोठ्यांना का येत नाही, असं सुलूने विचारलं. आजो फणसाची पानं गोळा करत राहिला.

रविवारी उजाडायच्या आत आम्ही डोंगरात होतो. काजूच्या झाडांतून धुकं उतरत होतं. पुढे काठी घेऊन आजो, त्याच्या मागे आम्ही तिघं एकमेकांचा हात धरून. एका झाडाखाली वारं तोंडावर घेऊन बसलो. किती वेळ बसलो कोण जाणे. दिगूचं डोकं माझ्या खांद्यावर आलं, मलाही पेंग येत होती, आणि त्या पेंगेतच समोरच्या धुक्याचा एक तुकडा तांबूस झाला. त्याला कान फुटले. भेकर होतं. आजोने काठी सावकाश खांद्याला लावली, एक डोळा मिटला. कुठलाच आवाज झाला नाही.

"पडलें," आजो पुटपुटला.

"पण आजो, तें उबें आसा," दिगू म्हणाला.

"तुका उबें दिसता. म्हाका पडिल्लें दिसता."

भेकराने आमच्याकडे शांतपणे पाहिलं आणि ते आलं तसं धुक्यात विरून गेलं. मी मात्र तेव्हा दोन भेकरं पाहिली, एक जाणारं आणि एक आमच्यापुढे गवतात पडलेलं. अजूनही डोळे मिटले की मला दोन्ही दिसतात.

मग वाटे झाले. आजोने सागाची रुंद पानं तोडून ओळीने मांडली आणि रिकाम्या हातांनी मांस वाटायला घेतलं. मांडी उचलताना त्याचे हात वजनाने खाली जात. पारधीला हजर असलेल्या प्रत्येकाला सारखा वाटा, लहान असो की मोठा. एक वाटा रानाच्या राखणदार देवाला. दिगूने विचारलं, बंदुकीचा वाटा कुणाला? "पोलिसांक. ती तांगेर आसा न्हय?"

एक पान उरलं. आजो त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला. आमच्या पानांत त्याने हवेतलं का होईना, मांस ठेवलं होतं. या पानात त्याने तेही ठेवलं नाही. मला वाटलं, दमला असेल. पान दुमडून, वेलीने तीन गाठी मारून त्याने ते सुलूच्या हातात दिलं. "हें तुज्या पप्पाक. वाटेर उगडूं नाका."

सुलूने ते बसमध्ये, पणजीच्या फेरीबोटीत, थेट वास्कोपर्यंत मांडीवर सरळ धरून नेलं. रक्त गळेल अशी तिला भीती वाटत होती.

मंगळवारी दुपारी काका अंगणात उभा. रजा टाकून आला होता. चेहरा लाल, हातात ते सुकलेलं पान. गावच्या पारधीचा एक नियम मला त्या दिवशी कळला. कुणाला पारधीतून काढून टाकायचं झालं, तर त्याच्याशी कुणी भांडत नसे. त्याच्या घरी रिकामं पान बांधून पाठवत. ज्याला ते आलं, त्याचा पुढे कशातच वाटा नाही. काका लहानपणापासून आजोबरोबर पारधीला गेलेला. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"बाबा, म्हाका रिकामें पान?" काकाने आजोला विचारलं. "हांव ह्या घरचो न्हय? दोन वर्सां आयलों ना म्हूण म्हजो वाटो काडलो तुमी?"

आमचे बाबा आतून उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथेच थांबले. आजो बलकांवात बसला होता.

"भरिल्लें पान धाडिल्लें जाल्यार," त्याने विचारलं, "तूं आयलो आसतो?"

काका खाली वाकला आणि त्याने पायांतल्या चपला काढून पायरीशी ठेवल्या.