बिनवासाचा साबण

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचे पावणेचार वाजले होते आणि मी आईला चहात बिस्कीट बुडवून भरवत होते. प्रयोगशाळेच्या जिन्यात ती बसली, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं... हृदयच ते, सांगून थोडंच थांबतं! सख्खी मोठी बहीण गेल्यावर माणसाच्या मनात पहिलं काय यावं? माझ्या मनात आलं, आता साडेसहाला आईचं काय करू? लाज वाटते लिहायला, पण तसंच झालं. त्याला आता सहा आठवडे होत आले, आणि साडेसहा रोज वाजतातच.

माझी ताई, शैला, तीस वर्षं कोलकात्यात उंदरांच्या मेंदूवर काम करत होती. भीती हा तिचा विषय. भीती मेंदूत कुठे उठते, कशी टिकते, कशी ओसरते, हे ती पांढऱ्या उंदरांना विचारायची. ती बिनलग्नाची, सॉल्ट लेकमध्ये दोन खोल्यांत राहायची. मी बँकेत होते. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन इकडे आले ती साताऱ्याहून आईला घेऊनच आले, आणि आमचा तिघींचा संसार सुरू झाला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी तिची ओळख करून द्यायचे, "ही माझी बहीण. बाप्पाच्या वाहनाला घाबरवायचा पगार घेते." लोक हसायचे. ताईही हसायची आणि म्हणायची, "घाबरवते कमी गं, गोंजारते जास्त."

ते खरंच होतं. नवा उंदीर आला की प्रयोगाआधी आठ-दहा दिवस ती नुसता आपला हात त्याच्या पिंजऱ्यात ठेवून बसायची. तळवा वर. धरायचं नाही, पुढे सरकायचं नाही, त्याने येऊन हुंगायचं. हात ओळखीचा झाला नाही तर मोजलेली सगळी भीती हाताचीच निघते, मग प्रयोगाला अर्थ काय? आणि हुंगण्यात गोंधळ नको, म्हणून तीस वर्षं या बाईने अंगाला कसला म्हणून वास लावला नाही. पांढरा, बिनवासाचा साबण डझनाने आणायची. दिवाळीला आई उटणं कालवून बसायची, ही लांबूनच हात जोडायची. आमच्या मिनतीदी, दिवसभर कामाला असतात, संध्याकाळी डासांसाठी घरात धुनो, म्हणजे राळेचा धूप, फिरवायच्या. तो ताईने पहिल्याच आठवड्यात बंद केला. मी मात्र चंदनाच्या साबणाची आणि मोगऱ्याच्या तेलाची. "अगं, बाई आहेस की कोरा कागद?" असं मी तिला किती वेळा म्हटलं असेल.

शब्दांच्या बाबतीतही ती अशीच काटेकोर. उंदीर घाबरला असं मी म्हटलं की लगेच, "थिजला म्हण. घाबरला की नाही ते त्याला विचारता येत नाही." पण मेंदूविषयी बोलायला लागली की खुलायची. बदामाच्या आकाराचा एक भाग असतो म्हणे, कानाच्या बाजूने आत खोल. उंदरालाही असतो, आपल्यालाही असतो, आणि माणूस जगात येण्याआधी कितीतरी काळ तो आपलं काम करत होता. "दिसलेलं, ऐकलेलं आधी एका चौकीवर थांबतं आणि मग आत जातं. वासाला चौकी नाही. तो मागच्या दाराने थेट माजघरात," ती म्हणायची. मी भाजी निवडत हूं हूं करायचे. डोक्यात अर्धं शिरायचं, अर्धं नाही.

मग आईला विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग दिवस, मग माणसं. तिच्यासाठी मी नोकरी वेळेआधी सोडली. दिवसभर तिचं न्हाणं, वेणी, जेवण माझ्याच हातचं, त्यामुळे माझं नाव गेलं तरी मी परकी झाले नाही. ताई मात्र संध्याकाळी दारात उभी राहिली की आई भिंतीकडे सरकायची. संध्याकाळ झाली की तिचा जीव तसाही कावराबावरा होतो. "या बाईला आत कोणी घेतलं? जा म्हणावं!" असं ओरडायची. ताई एक चप्पल पायात, एक हातात, अशी उंबऱ्यातच थांबायची. जगभरच्या भीतीचा अभ्यास केलेली बाई, आणि जन्मदाती आई तिलाच भ्यायची!

तेव्हा मी जे बोलले ते इथे लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. त्या दिवशी आईने ताईवर पेला फेकला होता, मी दमले होते, चिडले होते. स्वयंपाकघरात मी म्हटलं, "दिवसभर मी असते तिच्यापाशी. तू तुझ्या उंदरांना हात देऊन बसतेस, तुला ना वास ना गंध... आई ओळखणार कशावरून?" ताईने पेल्याचे तुकडे गोळा केले, ओट्यावर कागदात बांधले आणि तशीच न जेवता निजली. मला लगेच वाटलं होतं, जावं आणि म्हणावं, चुकलं माझं. दोनच शब्द. पण मी तोंडाळ असले तरी नको तेव्हा माझी वाचा बसते.

दुसऱ्या दिवशी ती बरोबर साडेसहाला आली. हात धुतले, वेताचा बुटका मोडा आईच्या पलंगाशी ओढला आणि बसली. तोंड खिडकीकडे, हात गादीच्या काठावर, तळवा वर. एक अक्षर नाही. आई भिंतीकडे वळली. पंधरा मिनिटांनी ताई उठली आणि चहा टाकायला गेली. असं रोज. चौथ्या दिवशी मला राहवेना. "अगं बोल ना तिच्याशी! आई, मी शैलू, असं सांग." ताई म्हणाली, "परीक्षा नको घेऊस तिची. नाव ठेवायची जागा वेगळी असते, नंदा. ती तिची ढासळली. बरं वाटण्याची जागा अजून शाबूत असेल. मी कोण ते नाही राहिलं तर नाही राहिलं, मी आले की बरं वाटतं एवढं राहू दे."

नवव्या दिवशी आईने एक बोट तिच्या तळव्यावर टेकवलं आणि काढून घेतलं. अकराव्या दिवशी अख्खा हात उचलून नाकाशी नेला, हुंगला, पालथा करून पुन्हा हुंगला आणि आपल्या पोटावर ठेवून डोळे मिटले. ताई हलली नाही. तिचा पाय झोपला होता हे मला दिसत होतं. त्यानंतर साडेसहा वाजत आले की, दारावरची घंटा वाजायच्याही आधी, आईचा हात चादरीतून बाहेर यायचा. घड्याळ तिला कळत नव्हतं, वार कळत नव्हता, पण हात यायचा. एकदा तिने मला विचारलं, "ती संध्याकाळची बाई कोण गं? चांगली आहे हो." मी ते ताईला सांगितलं तर ती इतकी हसली, इतकी हसली, की डोळे पुसायला चष्मा काढावा लागला. "चांगली आहे म्हणाली ना? बास मग!"

तेव्हा तरी बोलायचं होतं मी. वर्ष होतं हातात. रोज वाटायचं, रविवारी निवांत बोलू... आणि रविवारी ती आईची नखं कापत बसायची, मी, घरात मासे शिजत नाहीत हे मिनतीदींचं गाऱ्हाणं ऐकत बसायचे.

ताईला निरोप देऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. आईला मी काहीच सांगितलं नव्हतं. सांगून काय? पाच मिनिटं रडली असती, कशासाठी ते विसरली असती, आणि रडू तेवढं उरलं असतं. हेही ताईनेच शिकवलेलं. साडेसहा वाजत आले. चादरीतून हात बाहेर आला. मी मोड्यावर बसले आणि माझा हात दिला. आईने तो नाकाशी नेला, हुंगला. मग दोनदा थोपटला, पाहुण्याला थोपटावं तसा, हळूच बाजूला ठेवला, आणि आपला हात पुन्हा गादीच्या काठावर ठेवून दाराकडे बघत राहिली. दिवसभर जिचं सगळं मी करते त्या आईने! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. तीस वर्षांचा बिनवासाचा हात होता ताईचा, आणि आईला तो पाठ झाला होता. आई ओळखणार कशावरून, असं मी विचारलं होतं.

ताईच्या कपाटात पांढऱ्या साबणाच्या सहा वड्या होत्या. दिवस झाल्यावर त्यातली एक मी काढली. मोगऱ्याचं तेल मिनतीदींना देऊन टाकलं. त्या बघतच राहिल्या, म्हणाल्या, "दिदी, तोमार की होलो?" तुला झालं तरी काय, म्हणून. काय सांगणार? आणि संध्याकाळी मोड्यावर बसायला लागले. तोंड खिडकीकडे, तळवा वर. मला पाच मिनिटं गप्प बसणं म्हणजे शिक्षा. पहिले चार-पाच दिवस आई दाराकडेच बघत होती. मग बोटं लागायला लागली. वासामुळे, की मी एकदाची गप्प बसले म्हणून, मला ठाऊक नाही. ताई असती तर म्हणाली असती, एका म्हातारीवरून सिद्धांत मांडू नकोस.

परवा खालच्या दुकानात मला वेळ लागला आणि सात वाजून गेले. धावत आले, हात धुतले, बसले. आईचा हात काठावर होताच. तिने माझा हात उचलला, हुंगला, पालथा करून पुन्हा हुंगला आणि पोटावर ठेवला. डोळे मिटलेलेच. म्हणाली, "किती उशीर केलास गं."

मी कोण ते सांगितलं नाही. म्हटलं, "हो गं. चुकलं माझं."