मागच्या कव्हरावरचे परंतुक

कोबेतल्या आमच्या स्टेशनाजवळचे सीडी भाड्याने देणारे दुकान नुकतेच बंद झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी जुना माल विकायला काढला आणि दारावर सूचना लावली, की विकलेली वस्तू कोणत्याही कारणास्तव परत घेतली जाणार नाही. ‘कोणत्याही कारणास्तव’ ही शब्दरचना मला सहन होत नाही. माल सदोष निघाला तर असल्या फलकाची ढाल पुढे करता येऊ नये, हे त्यांना लेखी कळवावे म्हणून मी मजकूर उतरवून घेत होतो. तेवढ्यात खोक्यात ती सीडी दिसली. रिकाम्या बाथटबच्या काठावर पाठमोरी बसलेली गायिका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हा अल्बम इथल्या प्रत्येक दुकानात वाजत असे आणि मी त्याचा मनापासून द्वेष करीत असे. तरीही मी तो विकत घेतला.

माझी पत्नी इथलीच, जपानी. मराठी मात्र ती पुण्यात माझ्या आईकडून शिकली आणि आईचा ठसकाही तिने सोबत उचलला. घरी आल्यावर माझ्या हातातला कागद पाहून तिने विचारले, “अहो, आता कोणावर? रेल्वे झाली, वॉर्ड ऑफिस झालं. उरलंय कोण?”

मी पिशवीतून सीडी काढली. ती आत निघून गेली.

आमची मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने हा अल्बम त्याच दुकानातून भाड्याने आणला आणि मिनीडिस्कवर, म्हणजे घरी रेकॉर्ड करता येणाऱ्या छोट्या चकतीवर, उतरवून घेतला. सगळी मुले तेच करीत. मी मात्र जहाज कंपन्यांकडे नुकसानभरपाईचे दावे लावणाऱ्या एका व्यापारी पेढीत पत्रव्यवहार सांभाळत होतो, आणि ‘सगळे करतात’ हा बचाव मी आयुष्यात कधी मान्य केलेला नव्हता. मी सीडीच्या मागच्या कव्हरावर बोट ठेवले. प्रत करण्यास कायद्याने मनाई आहे, असे तिथे बारीक अक्षरांत छापलेले होते.

“बाबा, अहो पूर्ण वाक्य वाचा ना.”

“कायदा तू मला शिकवू नकोस.”

मी तिच्याकडून जपानीत माफीपत्र लिहवून घेतले, तिला दुकानात नेले आणि काउंटरसमोर ते मोठ्याने वाचायला लावले. मागे रांगेत तिच्या वर्गातल्या दोन मुली उभ्या होत्या. काउंटरवरचा तरुण गोंधळून पुन्हा पुन्हा म्हणत होता, की काही हरकत नाही, खरोखर काही हरकत नाही. तो मला जपानी शिष्टाचार वाटला. इथे पाय तुडवला गेलेला माणूसही असेच म्हणतो. मुलीने मिनीडिस्क त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, आणि तिचे काय करायचे ते न कळून तसाच उभा राहिला.

त्या दिवसानंतर मुलगी माझ्याशी मराठीत बोललेली नाही. भांडण झाले नाही, अबोला नाही. आईशी ती मराठीत बोलते. मला जपानीत उत्तर देते, विनयाने आणि थोडक्यात. बाबाचा मी ‘ओतोसान’, जपानीतले वडील, झालो. आता ती चाळिशीत आहे आणि टोकियोजवळ इचिकावाला राहते.

मी तो अल्बम सलग ऐकला. अकरा गाण्यांपैकी सात मला आजही सामान्य वाटली. यंत्राने वाजवलेला ताल, उगाच चढवलेला शेवट. पाचव्या गाण्यात मात्र फक्त पियानो आहे. गायिकेचा स्वर वरच्या जागेला पुरत नाही आणि त्यांनी तो तसाच राहू दिला आहे. गेल्या वर्षी श्रवणयंत्रे बसवली, त्यामुळे प्रत्येक ओळीआधी तिने घेतलेला श्वासही ऐकू येतो. मी त्या आवाजाला कारखान्याचा माल म्हणत असे. इतका थकलेला आवाज कोणताही कारखाना बाहेर पडू देणार नाही. गाण्यातली मुलगी घराच्या एक स्टेशन आधीच उतरते आणि चालत येते, म्हणजे पोचायला उशीर व्हावा. आमच्या घरात हे गाणे बंद दाराआड दिवसभर लागत असे, आणि मी दारावर थाप मारून आवाज कमी करायला सांगत असे.

हे शब्द कोणी लिहिले ते पाहावे म्हणून मी सीडी उलटली आणि भिंग घेऊन ते बारीक वाक्य वाचले. पूर्ण वाचले. खासगी वापराच्या मर्यादेपलीकडे प्रत करण्यास मनाई आहे. मग कायदा काढला. स्वतःपुरती प्रत करण्याची मुभा त्यात स्पष्ट आहे, तेव्हाही होती. इतकेच नव्हे, कोऱ्या मिनीडिस्कच्या किमतीतच कलावंतांचा मोबदला धरलेला असे. नोकरीभर मी प्रतिपक्षांना एका परंतुकावर लोळवले. घरात चौदा वर्षांच्या मुलीने नेमके परंतुकच दाखवले, आणि मी ते वाचले नाही. या माणसाला कोणत्या पत्त्यावर पत्र लिहावे, हे मला कळेना.

शेवटी मुलीलाच लिहिले. चार मुद्दे, क्रमवार. पत्नीने ते वाचले. “हे काय, नोटीस पाठवताय मुलीला?” म्हणत तिनेच फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्या हातात दिला.

मी उभा राहून वाचू लागलो. पहिला मुद्दा, माझा कायद्याचा अर्थ चुकीचा होता. दुसरा, तू ते त्याच वेळी दाखवून दिले होतेस. तिसरा, मी तुला परक्या लोकांसमोर माफीपत्र वाचायला लावले.

“तीनदा,” ती म्हणाली. मराठीत.

मला एकच वेळ आठवत होती. मी पत्नीकडे पाहिले. तिने होकारार्थी मान हलवली. “तिने मला तेव्हाच सांगितलं होतं. पहिल्यांदा आवाज लहान होता म्हणालात. मग ती पुरेशी वाकली नाही म्हणालात.”

मी पेन उघडले, तिसऱ्या मुद्द्यात ‘तीनदा’ घातले आणि ते वाक्य पुन्हा वाचले. चौथा मुद्दा क्षमायाचनेचा होता. तो ऐकून घेऊन ती जपानीत म्हणाली, की मुलाला शिकवणीहून आणायची वेळ झाली आहे. फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त प्रत मी रजिस्टर्ड टपालाने पाठवली. पोच आली आहे. उत्तर आलेले नाही.