वर्तक साहेबांची सरळ रेषा

वर्तक साहेब माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघत. भिंतीत कोनाडा दिसला, चौकटीवर वेलबुट्टी दिसली, की खिशातली लाल पेन्सिल काढून तिकडे रोखत आणि विचारत, "हे कशाला?" उत्तर लगेच आलं नाही, तर ती गोष्ट पाडायची. पान नाही, विडी नाही, लाच तर नाहीच. लाच घेणारा असता, तर हे लिहायची वेळ माझ्यावर आली नसती.

ते पुण्याकडचे. मुंबईत शिकून नगररचनेच्या नोकरीवर अमरावतीला आले होते. मी ठेकेदार. दर्यापूरकडच्या खेड्यातून आलो, घमेली उचलता उचलता ओळंबा धरायला शिकलो, मग स्वतःची कामं घेऊ लागलो. छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आलो, त्यानंतर दोन वर्षांत मी अमरावतीत घर बांधलं. घर लहानच, पण पुढे रुंद दगडी ओटा. तो माझ्या बापासाठी होता. गावात तो जन्मभर दुसऱ्यांच्या ओट्यांखाली उन्हात उभा राहिला. वर पाय ठेवायची मुभा नव्हती. आमच्या ओट्यावर मात्र तो सकाळपासून बसायचा आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारायचा, "या ना वर. उभे कावून?"

महिनाभर तो असा बसला. मग वर्तक साहेब दोरी घेऊन आले. रस्ता सरळ होणार होता आणि ओटा दोरीच्या दोन फूट बाहेर होता. पेन्सिल निघाली.

"हे कशाला?"

"बुढ्याले बसाले, साहेब."

"बसायला आत खोली आहे."

"दोन फुटाचा एक फूट करतो. आजच तासून देतो, तुमचा मानूसबी नोका पाठवू."

"ठेकेदार, रेषेत घासाघीस नसते."

आयुष्यात माझी घासाघीस चालली नाही अशी ही एकच गोष्ट. त्यांनी करू दिली नाही. त्याच दिवशी पुढच्या घरच्या सावकाराची कोरीव लाकडाची ओसरीही पडली. साहेबांनी जात पाहिली नाही, हे मी मान्य करतो. पाहिली असती, तर भांडायला सोपं गेलं असतं. पहार लागली तेव्हा बाप ओट्यावरच बसला होता. त्याला मीच दंडाला धरून उतरवला. पुढे दारातल्या स्टुलावर बसायचा, पण कोणाला हाक मारली नाही. पोळ्याच्या आधी गेला.

दोन-तीन वर्षांनी साहेब अकोल्याला होते. गावाबाहेर नवी वसाहत उभी करत होते, आणि तिथलं बरंचसं काम मी कमी दर टाकून मिळवलं. लोक विचारायचे, त्या माणसाचं काम कसं घेतोस? मी म्हणायचो, काम माणसाचं नसतं, विटांचं असतं. खरं सांगायचं, तर मला त्यांच्याजवळ राहायचं होतं.

काम मात्र त्यांना येत होतं. राहायची घरं एकीकडे, कारखाने दुसरीकडे, बाजार तिसरीकडे. प्रत्येक खोलीत ऊन आणि वारा, मजुराच्या खोलीतसुद्धा. काही घरं नुसत्या खांबांवर उचललेली, खालून मोकळी. सपाट छत, नक्षी नाही, कोनाडा नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बायांना मैलभर चालावं लागायचं, ते त्यांच्या नकाशात बसत नव्हतं. एकदा मिस्त्र्यांना गोळा करून ते म्हणाले, "घर सायकलसारखं असावं. सायकलीत एक तरी गोष्ट उगीच असते का?"

आमचा गुलाब मिस्त्री म्हणाला, "नसते साहेब. पन सायकलवर कोनी निजत नाई ना."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. अशा वेळी तो माणूस मला आवडायचा, आणि त्याचाच राग यायचा.

मग त्यांनी त्याच वसाहतीत स्वतःचं घर बांधायला काढलं आणि काम मला दिलं. "तुमची भिंत सरळ असते," एवढंच म्हणाले. पश्चिमेची आख्खी भिंत काचेची, कारण तिकडून शेतं दिसतात. वर उघडा स्लॅब. ऊन अडवायला पुढे छपरी नाही, आणि वाळ्याचा पडदा टांगायला खुंटीसुद्धा नाही. वऱ्हाडात घर पश्चिमेला पाठ करून बसतं, स्लॅबवर चुन्याचा जाड कोबा घालावा लागतो, हे आमच्याकडचं पोरही सांगेल. गुलाबने मला बाजूला घेतलं.

"दादा, सांगा ना त्याईले. मे महिन्यात भट्टी होईन हे."

"नकाशात हाय का छपरी?"

"नाई."

"मंग रेषेपरमानं काम कर."

भिंत मी सुतात बांधली. काच स्वतः उभा राहून बसवून घेतली. तसं काम मी पुन्हा केलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची आई पुण्याहून राहायला आली. मे महिन्यात एका दुपारी साहेब एस.टी.ने अमरावतीला आले आणि माझ्या दारासमोर उभे राहिले, ओटा होता त्याच जागी, उन्हात. मी आत स्टुलावर होतो. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"ठेकेदार, आईला ताप आहे. उतरत नाही. रात्रीसुद्धा भिंती गरम असतात. पश्चिमेला छपरी घाला. पत्र्याची, बांबूच्या तट्ट्याची, कसलीही."

"लगनसराई हाय साहेब. मानसं नाहीत. पंधरा दिवस लागतीन."

"चार दिवसांत नाही का होणार? आठ?"

माझी माणसं मागच्या अंगणात चहा पीत बसली होती. मी म्हणालो, "रेषेत घासाघीस नसते, साहेब."

त्यांनी मान हलवली, जणू मी काही रास्तच बोललो होतो. त्यांना मी आत या म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. तसेच परत गेले. अकोल्यात छपरी घालायला दुसरा कोणी मिळायच्या आधीच म्हातारी गेली. बातमी गुलाबने आणली. त्या दिवसापासून त्याने माझं काम सोडलं.

तेरावं झाल्यावर मी चार माणसं घेऊन गेलो. न विचारता खड्डे खणले, बल्ल्या रोवल्या, पत्रे चढवले. साहेब खोलीतून बाहेर आले. दाढी वाढलेली, खिशात पेन्सिल नव्हती. छपरीकडे पाहून म्हणाले, "आता हे कशाला?"

माझ्याकडे उत्तर होतं. इतकी वर्षं तेच घेऊन हिंडत होतो. मी म्हणालो, "साहेब, अमरावतीचा तो ओटा ध्यानात हाय ना?"

त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. डोळे बारीक केले, आभाळाकडे पाहिलं. खोटं बोलणं त्यांना येतच नव्हतं.

"कुठला ओटा?" ते म्हणाले.