पाच बाटल्यांचा नैवेद्य

माझ्या मुलीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी आमच्या देवांसमोर पास्त्याच्या सॉसच्या पाच उघड्या बाटल्या ओळीनं मांडल्या होत्या, आणि त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे.

झालं असं, की मृणालला सातवा महिना लागला आणि तिचं बीपी जरा वर सरकलं. डॉक्टर मॅडमनी मीठ कमी करायला सांगितलं. लोणचं बंद, पापड बंद, पुड्यातलं-बाटलीतलं शक्यतो नकोच. अगदी राहवलं नाही तर कमीत कमी मिठाचं, आणि तेही एकदाच. पोरीनं सगळं मुकाट्यानं सोडलं. डोहाळा मात्र एकच धरून बसली, लाल सॉसचा पास्ता. माझ्या बायकोनं, सुधानं, घरीच टोमॅटो शिजवून करून दिला. मृणालनं दोन घास खाऊन ताटली सरकवली.

"आई, ही टोमॅटोची भाजी आहे ना. मला बस तो बाटलीवाला पाहिजे."

इथे माझी थोरली बहीण आक्का मधे पडली. आम्ही हिंदी मुलखातले मराठी; आक्का शहराच्या दुसऱ्या टोकाला, माधवगंजात राहते, पण आमच्या घरातले सगळे धार्मिक निर्णय तिथून घेतले जातात. डोहाळा अपुरा राहिला तर बाळाची लाळ गळत राहते, असं तिनं फोनवर बजावलं आणि वर विचारलं की नातवंडाच्या गळ्यात जन्मभर लाळेरं बांधून फिरणार आहेस का. तेव्हा एकीकडे मुलीचं बीपी, दुसरीकडे नातवंडाची लाळ, आणि मधे सॉस! हे काम येरागबाळ्याचं नाही हे ओळखून मी ते स्वतःकडे घेतलं.

माझा अधिकारही होता. पाणी तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत मी तीस वर्षं केमिस्ट होतो. (सुधाच्या मते तीस वर्षं मी पाणी बघत बसलो.) फूलबागेजवळच्या एका मोठ्या दुकानात भिंग आणि वही घेऊन गेलो आणि दीड तास बाटल्यांची पाठ वाचत उभा राहिलो. या कंपन्या भलत्या बेरकी असतात. एक म्हणते, एका वाढपात मीठ अगदी नगण्य. आणि बारीक अक्षरात बघावं तर वाढप म्हणजे एक चमचा! एका चमच्यात पास्ता कोण खातं? मी प्रत्येकीचा हिशोब शंभर ग्रॅमवर आणला. दुकानातली मुलगी दोनदा येऊन "अंकल, कुछ मदद करूँ?" म्हणून गेली. तिसऱ्यांदा तिनं मला स्टूल आणून दिलं.

शेवटी पाच बाटल्या घेतल्या. चार कमी मिठाच्या, आणि पाचवी मुद्दाम, अख्ख्या फळीवरची सगळ्यात खारट. ती कशाला, असं कोणीही विचारेल. तुलनेला एक वाईट नमुना ठेवावाच लागतो, हा प्रयोगशाळेचा शिरस्ता आहे. दुसरा शिरस्ता असा, की नमुन्यावर नाव टाकायचं नाही, फक्त नंबर. म्हणजे तपासणाऱ्याचं मन कलुषित होत नाही. म्हणून मी वहीत कंपन्यांची नावं लिहिली नाहीत. बाटल्यांच्या लेबलांवर स्केचपेननं एक ते पाच आकडे घातले आणि वहीत आकड्यांपुढे मीठ. तीन नंबर सर्वोत्तम निघाला. बाटल्या ओट्यावर ठेवल्या आणि निश्चिंत झालो.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर ओट्यावर पाच स्वच्छ, चकचकीत, नागड्या बाटल्या उन्हात चमकत होत्या. लॉकडाउनपासून सुधाला एक सवय लागली आहे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू सोड्याच्या कोमट पाण्यात बुडाल्याशिवाय घरात घेतली जात नाही. लेबलांचा लगदा बादलीच्या तळाशी बसला होता. माझा तीन नंबरही त्यातच होता.

"अहो, मग बाटली कशी दिसत होती ते आठवा ना," सुधा म्हणाली.

आठवणार काय? दीड तास मी फक्त पाठी वाचल्या होत्या. बाटलीचं तोंड एकदाही पाहिलं नव्हतं. आमचा जावई गौरव बिर्लानगरचा, मोठा गुणी मुलगा. तो लगेच फोन काढून शोधायला बसला आणि म्हणाला, "पापाजी, बस कंपनी का नाम बता दो." मी मन कलुषित न होण्याचा नियम त्याला समजावून सांगितला. त्यानं फोन खिशात ठेवला. बिल पिशवीत होतं, आणि पिशवीही धुतली होती. दुकानाला नेमकी त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी.

एव्हाना आक्का येऊन पोहोचली होती, झोपाळ्याला फुलं लागत होती, मृणाल हिरवी साडी नेसून "बाबा, झाला का फायनल?" विचारत होती. पाचांतली एक बाटली माझ्या मुलीला खरोखर बाधणारी होती आणि ती मीच पैसे देऊन घरात आणली होती. फिल्टरच्या पाण्याचे क्षार मोजायची कांडी होती, ती एकेका बाटलीत बुडवून पाहिली. पाचही वेळा आकड्याऐवजी नुसत्या रेघा आल्या. कांडी बिचारी पाण्यासाठी केलेली, तिनं हात टेकले.

आता एकच उपाय उरला, चाखून बघणे. मी चमचा उचलला आणि आक्कानं मनगट धरलं.

"नैवेद्य दाखवल्याशिवाय आजचं काही जिभेला लावायचं नाही."

"मग दाखव नैवेद्य."

"लसूण असेल त्यात. लसणीचं देवाला चालतं का?"

"लसूण आहे की नाही, ते चाखल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि नैवेद्याआधी चाखणार कसं?"

(सुधा पुऱ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते.) दहा मिनिटं विचार करून आक्कानं निवाडा दिला. लसूण आहे हे आपल्याला ठाऊक नाही. अजाणता ठेवलेल्याला दोष नाही. तेव्हा पाचही बाटल्या उघडून देवापुढे ठेवाव्यात.

"मात्र आता कोणी वास घेऊ नका," ती म्हणाली.

आम्ही श्वास रोखून झाकणं उघडली. प्रत्येक बाटलीवर तुळशीचं पान, भोवती पाण्याचं मंडल, आक्काचे डोळे मिटलेले. तेवढ्यात शेजारच्या भदौरिया आंटी ओटी भरायला आल्या आणि दारातच थबकल्या. ही कोणती पूजा, असं त्यांनी हळूच विचारलं. "हमारे यहाँ सातवें महीने में ऐसे ही होता है," आक्का शांतपणे म्हणाली. आंटींनी बाटल्यांना हात जोडले.

मग जमलेल्या बायकांसमोर मी पाचही सॉस प्रसाद म्हणून तळहातावर घेऊन चाखले. चार आंबट-खारट लागले. एक मात्र सौम्य, मवाळ, गोडसर. मी तो गंभीर चेहऱ्यानं विजयी घोषित केला. सुधानं भरपूर भाज्या घालून पास्ता केला आणि मृणालनं झोपाळ्यावर बसून तो असा खाल्ला, की माझे डोळे भरून आले. शेवटचा घास खाऊन ती म्हणाली, "बाबा, एकदम परफेक्ट." त्या दिवशी मी फार बोललो, असं मला नंतर सांगण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी ऐटीत दुकानात गेलो, आमच्या विजेत्या बाटलीची कंपनी बघून ठेवावी म्हणून. तीच चौकोनी, रुंद खांद्यांची बाटली फळीवर होती. उचलली, पाठ वाचली, वहीशी ताडून पाहिली. नंबर पाच! मीठ सगळ्यात जास्त, आणि ते कळू नये इतकी साखर. मी फळीचा आधार घेतला. त्या मुलीनं न सांगता स्टूल आणलं.

घरी कोणाला सांगायची माझी हिंमत झाली नाही. मृणालच्या पावलांवर सूज दिसते का, ते मी येता-जाता बघत राहिलो. त्यात दुसरं संकट म्हणजे उरलेल्या बाटल्या. त्या आता साधा सॉस नव्हत्या, प्रसाद होत्या; टाकायच्या नाहीत, असा माधवगंजाहून रोज फोन. मृणालला देणं शक्य नव्हतं, सुधाला लसूण बाधतो (तो पाचांतही निघाला होता), आणि गौरव जेवायच्या वेळी घरी येईनासा झाला. मी एकटा प्रायश्चित्त म्हणून खात राहिलो. पोळीशी सॉस, थालीपिठाशी सॉस, एकदा साबुदाण्याच्या खिचडीवरसुद्धा. आठ दिवसांत पाचही बाटल्या मी संपवल्या.

नवव्या दिवशी मृणालची तपासणी होती. मी आणि सुधा सोबत गेलो. मॅडमनी तिच्या दंडाला पट्टा बांधला आणि मला राहवेना, मी सगळं कबूल करून टाकलं. नंबर, लेबलं, नैवेद्य, पाच नंबरची बाटली, सगळं. मॅडमनी ऐकून घेतलं, मग आकडा पाहून हसल्या. बीपी अगदी व्यवस्थित होतं, मागच्यापेक्षाही खाली. मला इतकं हलकं वाटलं, की मी तिथंच खुर्चीत बसकण मारली.

"एक प्लेट से कुछ नहीं बिगड़ता," मॅडम म्हणाल्या. "रोज़ खाने से बिगड़ता है. बाकी की बोतलें कौन खा रहा है?"

आमच्या घरातल्या मायलेकींचं सहसा कोणत्याच गोष्टीवर एकमत होत नाही. दोघींनी एकदम माझ्याकडे बोट दाखवलं.

मॅडमनी मृणालच्या दंडाचा पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधला आणि आकडा बघून त्यांचं हसू मावळलं. बाळंतपणाच्या दवाखान्यात माझ्या नावाचा कागद निघाला. मीठ बंद, रोज चालणं, महिन्याभरानं दाखवायला येणं. कागद माझ्या हातात देताना त्यांनी बजावलं की यापुढे बाजारचं काहीही घेताना लेबल नीट वाचून घ्यायचं.

मी मान डोलावली. पण सुधानं पुढे होऊन कागद स्वतःकडे घेतला आणि हात जोडून म्हणाली, "नहीं मैडम, इनको लेबल मत पढ़ने दीजिए. पढ़-पढ़ के ही ये हाल हुआ है."